खोक्याला भुललो आणि ४५०० घालवले

जुनी प्लॅस्टिकची विमानं जमवायचा मला नाद आहे, त्यातही ज्यांच्यावर कुठेच कंपनीचं नाव सापडत नाही अशी. गेल्या महिन्यात नाशकात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात एकाने गाठलं, म्हणाला दादा १९६५ चं पीस आहे, मुंबईच्या बंद पडलेल्या कारखान्याचं मिग-२१ लढाऊ विमान, ओरिजनल खोक्यासकट. आता मिग म्हटलं की ओझरच्या पोराचं काय होतं ते सांगायला नको, आमच्या अण्णांची सगळी नोकरी तिथल्या एचएएलमध्ये, मिग बनवायच्या त्या विमान कारखान्यात गेली. त्याने ६००० सांगितले, ४५०० ला दिलं, वर मलाच वाटलं की आज आपण त्याला लुटलं.

घरी अण्णांनी चष्मा लावला, विमान उलटसुलट केलं. "हे मिग? मिगची हवा नाकातून जाते रे, नाकात कोन असतो. याला बाजूला कान फुटलेत. आणि मागचे छोटे पंख कुठेत?" मी नुसते त्रिकोणी पंख बघून पाघळलो होतो, आकार सगळा मिराजचा, त्या फ्रेंच लढाऊ विमानाचा!

म्हटलं ठीक आहे, खेळण्यावर चुकीचं नाव छापायचेच लोक. मग खोका नीट वाचला. बॉम्बे, आणि पुढे ४०० ने सुरू होणारा ६ आकडी पिनकोड. अहो पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, त्याआधी नुसतं बॉम्बे २, बॉम्बे ९ असं लिहायचे. १९६५ गेलं उडत.

खरी चोरी डाव्या पंखाखाली होती. सगळं प्लॅस्टिक गुळगुळीत आणि तिथेच रुपयाएवढी जागा खरखरीत, पॉलिश पेपर मारलेला. मोबाईलचा टॉर्च आडवा धरला तर बाणांच्या त्रिकोणाचा एक कोपरा आणि ५ चा आकडा. हा रिसायकलिंगवाला त्रिकोण अमेरिकेतच १९८८ ला सुरू झाला, आणि ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन जातीचं प्लॅस्टिक. विकणारा पठ्ठ्या तर पॉलिस्टायरीन, म्हणजे वेगळंच कडक प्लॅस्टिक सांगत होता, वाजवून बघा म्हणे. पॉलिस्टायरीन टणटण वाजतं, हे थपथप, पण बाजाराच्या कालव्यात काय डोंबल ऐकू येणार. चाकाचा तुकडा निघालाच होता तो बादलीत टाकला, बोटाने दाबून खाली नेला तरी वर आला. पॉलिस्टायरीन असतं तर बुडलं असतं. (अख्खं विमान टाकून बघू नका, पोकळ असतं, कसलंही असलं तरी तरंगेल.)

फोन केला तर "मी कुठे गॅरंटी दिली होती", दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद. त्यामुळे कोणी असं काही दाखवलं तर आधी खोका बाजूला ठेवायला लावा आणि पंखाखाली बोट फिरवा, लाज वाटून घेऊ नका.

परवा सिडकोतल्या मित्राला व्हॉट्सॲपवर फोटो आला, १९६५ चं मिग, खोक्यासकट, कोपऱ्यावर शाईचा निळा डाग. तो खोका डागासकट माझ्या कपाटावर पडलाय.