कुलूप लागलेला थिंकपॅड आणि माझे १७,००० रुपये

सेकंड हँड लॅपटॉपवाले काय काय करतात ते आता सगळ्यांना पाठ आहे, प्रोसेसरची जनरेशन खोटी सांगणार, बॉडी घासूनपुसून ए ग्रेड म्हणणार, लोकल बॅटरी टाकणार. मलाही पाठ होतं. तरी १६,२०० गेले, वर दुरुस्तीवाल्याचे ८००.

माझं काम जीएसटी रिटर्नचं, नाशिकला सातपूर-अंबडला क्लायंटकडे ॲक्टिव्हावर फिरायचं आणि पाठीवर १५.६ इंची धोंडा. म्हणून साडेबारा इंची लेनोवोचा थिंकपॅड एक्स२७० शोधत होते. २०१७ चं मॉडेल, वजन दीड किलोच्या आत, रॅमचा स्लॉट एकच पण रॅम बदलता येते, मागची बॅटरी हाताने निघते. पुढच्या एक्स२८० ला रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली, म्हणून ते नकोच. म्हणजे मी काही आंधळेपणाने गेले नव्हते, हे सांगते कारण "नीट बघून घ्यायचं ना" हे घरात रोज ऐकतेय.

एमजी रोडजवळचं दुकान. "ताई, आठवी जनरेशन, विंडोज ११ चालू आहे बघा." एक्स२७० आठव्या जनरेशनमध्ये आलंच नाही, सहावी नाहीतर सातवी, हे मी त्याला तोंडावर सांगितलं तर हसला आणि १६,५०० चे १६,२०० केले. मला वाटलं जिंकले!

आता मुख्य गोष्ट. चालू करताना मी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीची मूळ सेटिंग, उघडायला एफ१ दाबलं. काळ्या स्क्रीनवर बारकं कुलूप आणि पासवर्डची रिकामी चौकट. त्याने झटकन लॅपटॉप स्वतःकडे वळवून बंद केला, म्हणे "कंपनीची सिक्युरिटी असते ताई, डेटा सेफ राहतो." खाली उलटून बघितलं तर स्टिकर खरवडलेला, डिंक बोटाला चिकटला. कुठल्यातरी ऑफिसचा माल, धडधडीत दिसत होतं! पण मागे गिऱ्हाईक उभं, हा घाई करतोय, विंडोज तर मस्त चालतंय, अशा वेळी कोणाला सुचणार सांगा.

तो बायोसचा सुपरवायझर पासवर्ड, तो नसला की सेटिंग बदलता येत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ ला नियमाने इंटेलची आठवी जनरेशन लागते, दुकानदाराने जुगाड करून टाकलेलं, म्हणून भाचा म्हणाला विंडोजऐवजी लिनक्स टाकू. पेन ड्राइव्हवरून बूटच होईना, सगळं लॉक. दुकानदार म्हणे सेल काढा, पासवर्ड जाईल. दुरुस्तीवाल्याने ८०० घेऊन आतला नाण्याएवढा सेल काढला, पण थिंकपॅडमध्ये हा पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, तो गेला नाही, तारीख-वेळ मात्र उडाली. आता चालू केलं की तारीख लावा म्हणतो आणि त्यासाठी पासवर्ड मागतो. आधी निदान एक्सेल तरी उघडत होतं! लेनोवोच्या मॅन्युअलमध्येच आहे, हा पासवर्ड विसरला तर बोर्ड बदला. बोर्डाचा भाव ७,५००.

दुकानदार बिलावरचा शिक्का दाखवतो, विकलेला माल परत नाही. चौकीत गेले तर साहेब बंदोबस्ताला, नंतर या. साहेब भेटले तर हे सिव्हिल मॅटर, ग्राहक मंचात जा. म्हणलं खोटं बोलून पैसे घेतले, मग न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ कशाला आहे? तर बिल उलटसुलट करत म्हणे "यावर सिरियल नंबर कुठाय मॅडम? हाच लॅपटॉप कशावरून?" आणि वर, "चोरीचा निघाला तर तुमच्याकडेच सापडला ना." म्हणजे आरोपी मी! दुकान तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, एक शिपाई पाठवून विचारायला काय जात होतं? अर्जाची पोच द्यायला तयार नाहीत, आधी झेरॉक्स आणा, मग आधार आणा, मग लंच. ग्राहक हेल्पलाइनवाल्यांनी तर कमालच केली, दुकानदाराने उत्तर दिलं नाही म्हणून तक्रार बंद. उत्तर दिलं नाही म्हणून बंद!!

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकतेय. १४,२०० कॅश दिले, यूपीआय फक्त २,०००, तुम्ही असं करू नका. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, तो लिहायला का-कू केली तर उठा. जुना थिंकपॅड वाईट नाही हं, कीबोर्ड अजून आवडतो मला. पण बायोस उघडून एक सेटिंग बदलून सेव्ह करून दाखव म्हणा, मगच पैसे काढा.

त्याच्या काचेत अजून तसलेच एक्स२७० मांडलेत, १६,५०० नेच. तिथून घेतला असेल तर आजच एफ१ दाबा, दुकानाची टेस्टिंग वॉरंटी १५ दिवसांचीच आहे.