१०जी ट्रान्समिशन टेस्टर: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

मशीन उत्तम, लायसन्सचा प्रकार संतापजनक. दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच घ्यायचं की नाही ते ठरवा.

माझं काम रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात टेलिकॉमच्या फायबर लिंक तपासून एटी (स्वीकृती चाचणी) रिपोर्ट देण्याचं. ई-वनच्या कमी वेगापासून १०जीपर्यंत (सेकंदाला १० गिगाबिट), आणि एसडीएच, इथरनेट, ओटीएन हे डेटा वाहून नेण्याचे प्रकार, सगळं एकाच हँडहेल्डमध्ये, म्हणून हा घेतला. सगळं आहे खरं, पण कुलपात. ओटीयू-२ (ओटीएनचा १०जी सिग्नल) तपासायची चावी, म्हणजे लायसन्स कोड, सोबत मिळाली, त्याचाच जास्त वेगाचा प्रकार ओटीयू-२ई मात्र मेनूत करड्या अक्षरात. हात लावला की ‘ऑप्शन उपलब्ध नाही’. हार्डवेअर तेच, फायबर जोडायचं एसएफपी प्लस मॉड्यूल तेच, फक्त एका कोडचे वेगळे पैसे, आणि तेही सेकंडहँड मोटारसायकल येईल इतके!

हा किरकोळ पर्याय वाटेल, पण कुडाळात याच्यावरूनच काम अडलं. रत्नागिरी-कुडाळ लिंकच्या दोन टोकांना दोन कंपन्यांची उपकरणं. लाइट व्यवस्थित, कनेक्टर स्कोपखाली स्वच्छ, तरी कुडाळला सतत एलओएफ, म्हणजे फ्रेम सापडत नसल्याचा अलार्म. रत्नागिरीचे साहेब फोनवर म्हणाले, “आमच्याकडून ओके आहे, तुमची फायबर बघा.” कुडाळचा मुलगा म्हणाला, “माझ्याकडे सेटिंग सगळा बरोबर आसा.” सगळ्यांचं बोट फायबरकडे, म्हणजे माझ्याकडे. हायवेच्या खोदकामात केबल इतक्यांदा तुटते की पहिला संशय तिच्यावरच जातो.

डीलरकडून डेमो चावी मागवली, कुडाळच्या उपकरणातून निघणाऱ्या सिग्नलवर ओटीयू-२ई लावलं आणि लगेच लॉक झालं, म्हणजे टेस्टरने सिग्नल ओळखला. रत्नागिरीकडून येणारा सिग्नल मात्र साध्या ओटीयू-२वर लॉक होत होता. १०जी लॅन-फाय, म्हणजे नेहमीचं १०जी इथरनेट, लाइनवर १०.३१२५ जीबीपीएसने धावतं आणि ओटीयू-२च्या पेलोडमध्ये मावतात जेमतेम ९.९९५. मग एक तर इथरनेट फ्रेम जीएफपीत (फ्रेम गुंडाळायची एक पद्धत) बांधून ओटीयू-२मध्ये, म्हणजे १०.७०९ वर पाठवायच्या, नाहीतर सिग्नल जसाच्या तसा घेऊन ओटीएनची फ्रेमच ११.०९६ पर्यंत पळवायची, म्हणजे ओटीयू-२ई. दोन्ही पद्धती आपापल्या जागी चालतात, एकमेकींशी नाही. ओटीयू-२ई तर आयटीयूच्या (टेलिकॉमची मानकं ठरवणारी संस्था) पुरवणीत, जी सप्लिमेंट ४३ मध्ये सापडतं. दोन्ही स्क्रीनशॉट मेल केल्यावर रत्नागिरीने मॅपिंग (इथरनेट ओटीएनमध्ये भरायची पद्धत) बदललं आणि लिंक उभी राहिली. जी चावी असे वाद मिटवते तीच वेगळी विकायची, हे मला अजिबात पटलेलं नाही. शेवटी घासाघीस करून विकत घेतली. नाइलाज होता.

बॅटरीबद्दल माझं मत मात्र बदललं. सुरुवातीला ती तोकडी वाटायची, कारण ग्राहक आरएफसी २५४४ ही इंटरनेट मानकातली चाचणी शब्दशः, जशीच्या तशी मागायचा. त्यात लेटन्सीसाठी (डेटा पोचायला लागणारा वेळ) फ्रेमचे सात आकार, प्रत्येकी वीस फेऱ्या, फेरी किमान १२० सेकंदांची. नुसत्या लेटन्सीला ४ तास ४० मिनिटं! साइटवरच्या उपकरणांच्या कंटेनरमध्ये वीज गेलेली असताना कुठली बॅटरी पुरणार? मुळात ती पद्धत प्रयोगशाळेतल्या उपकरणांसाठी आहे. चालू नेटवर्कवर ती वापरू नका असं आरएफसी ६८१५ ने २०१२ मध्येच सांगितलंय. ते दाखवल्यावर ग्राहक आयटीयूच्या वाय.१५६४ या चाचणीला तयार झाला. आता व्हॉइस, व्हिडिओ, डेटाच्या सर्व्हिसेस एकाच वेळी चालवून सीआयआर (हमी दिलेला वेग), लेटन्सी, जिटर (त्या वेळेतला चढउतार) बघतो आणि पंधरा मिनिटांच्या चाचणीत रिपोर्ट हातात येतो. या मोडचे पूर्ण गुण.

सर्व्हिसचे गुण कापतो. ऑगस्टमध्ये एसएफपीच्या खाचेला हिरवट थर आला आणि मॉड्यूल अर्धवट बसू लागलं. सर्व्हिस सेंटरने फोटो बघूनच ‘पाणी गेलंय, वॉरंटी नाही’ असं कळवलं. पाणी गेलं नव्हतं, ही खारी हवा आहे, आणि समुद्रकाठच्या साइटवर चालणार म्हणूनच त्यांनी विकलं होतं! बरेच मेल गेल्यावर मजुरी माफ झाली, पार्टचे पैसे घेतलेच. तेव्हापासून खाचेत रबरी बूच आणि पेटीत सिलिका जेल ठेवतो.

घेणार असाल तर कोटेशनमध्ये ओटीयू-२ई, जीएफपी आणि वाय.१५६४ च्या चाव्या नावानिशी लिहून घ्या. ‘फुल ओटीएन’ एवढ्या शब्दावर पैसे सोडू नका. डिलिव्हरीच्या दिवशी डीलरसमोरच मेनू उघडा आणि एकही ओळ करडी असली तर सही करू नका.