स्क्रीन कॅलिब्रेटर: अख्खा हिवाळा बर्फाचे फोटो एडिट केल्यावर

स्क्रीनचा रंग आणि ब्राइटनेस मोजून तो नीट सेट करणारं हे छोटं यंत्र, प्रिंट काढत असाल तर घ्या. फोटो फक्त फोनवर बघायचे असतील तर पैसे वाचवा, पुढे सांगतोय त्यातलं अर्धं फुकटात होतं.

रंगासाठी घ्यावा असं सगळे सांगतात पण बर्फाच्या फोटोंना खरा उपयोग होतो ब्राइटनेसचा. नवीन स्क्रीन मुळातच भगभगीत असतो, 300 निट्स (ब्राइटनेसचं एकक) आणि वर, त्यावर कसलाही बर्फ झकास पांढरा दिसतो मग आपण एक्स्पोजर खाली ओढतो आणि प्रिंट हातात येते ती मळकट. त्यात कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून मोजतं, म्हणजे काढतानाच +1 ते +2 स्टॉप (म्हणजे दुप्पट ते चौपट उजेड) दिले नसतील तर फाइल आधीच काळवंडलेली. मी ब्राइटनेस 100 निट्स, पांढऱ्याची छटा 6500 केल्विन आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतात ते) 2.2 वर सेट केलंय. सुरुवातीला स्क्रीन मेल्यासारखा वाटतो, वाटू दे, डोळे सरावतात.

पण हे यंत्र स्क्रीन सुधारतं, खोली नाही. खिडकीतून ऊन येत असताना केलेला एडिट रात्री बघा, दुसऱ्याच कुणीतरी केल्यासारखा वाटतो. आता पडदा ओढून एकच दिवा ठेवतो. आणि एडिटिंग सॉफ्टवेअरचा तो काळा इंटरफेस! त्याच्या शेजारी राखाडी बर्फसुद्धा उजळ भासतो. लाइटरूम क्लासिकमध्ये फोटोच्या बाजूच्या रिकाम्या जागेत राइट क्लिक करून बॅकग्राउंड पांढरं करा, बर्फ किती डल आहे ते लगेच कळतं.

तरी शेवटी भरवसा आकड्यांवरच. 0 (पूर्ण काळा) ते 255 (पूर्ण पांढरा) मध्ये उन्हातला बर्फ 235-245 च्या आसपास ठेवतो, 255 ला भिडला की बर्फाचा दाणा, पोत गेला, नुसता कोरा कागद. एखादी सूर्याची चमक गेली तर जाऊ दे. सावलीतला बर्फ मात्र बराच खाली राहू द्यायचा, नाहीतर उंचसखलपणाच संपतो. तो निळा दिसतो कारण त्याच्यावर उजेड आकाशाचा पडतो, स्क्रीनचा दोष नाही, रंग दुरुस्त करायच्या ड्रॉपरने तिथे क्लिक करून न्यूट्रल केलंत तर उन्हातला बर्फ पिवळा पडणार. थोडा निळा ठेवाच, छान दिसतो. ढगाळ दिवसाचे फोटो जास्त छळतात, सगळा हिस्टोग्राम (उजळ-गडद छटांचा आलेख) एका ढिगात, तिथे मी आधी एखादं झाड किंवा दगड बघून काळा पॉइंट (फोटोतलं सगळ्यात गडद टोक) ठरवतो आणि मग पांढऱ्याला हात लावतो.

तक्रारी आहेतच. सोबतचं सॉफ्टवेअर किचकट आहे, सिस्टिम अपडेट झाली की कधीकधी प्रोफाइल (कॅलिब्रेट करून साठवलेली सेटिंग) गायब होतं आणि पत्ताही लागत नाही. मोजायच्या आधी स्क्रीन अर्धा तास चालू ठेवावा लागतो, नाइट मोड आणि ऑटो ब्राइटनेस आठवणीने बंद करावे लागतात. लॅपटॉप आणि बाहेरचा मॉनिटर दोन्ही कॅलिब्रेट करूनही पांढरा तंतोतंत जुळत नाही, म्हणून बर्फाचं काम फक्त मॉनिटरवर, लॅपटॉपवर नुसते फोटो निवडतो.