क्रॉप बॉडीवर कोणती झूम: १८-५० की २८-७५?

सोनीची ए६४०० किंवा तिच्या जवळपासची एखादी क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) हाताशी आहे, कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सने जेवढं द्यायचं तेवढं देऊन झालंय आणि आता एफ/२.८ची, म्हणजे भिंग बरंच मोठं उघडणारी, एक चांगली झूम घ्यायची आहे. या टप्प्यावर बरेच जण दोन नावांपाशी येऊन अडतात. एक सिग्माची १८-५० (हे आकडे फोकल लेंग्थचे, मिलिमीटरमध्ये; आकडा लहान तेवढी चौकट रुंद), खास क्रॉप सेन्सरसाठी बनवलेली. दुसरी टॅमरॉनची २८-७५ जी-टू, मूळची फुल फ्रेमची, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांची. माउंट (लेन्स अडकवायची जागा) एकच असल्याने दोन्ही बसतात आणि दोन्ही चालतात. कॅननच्या जुन्या ईएफ-एस लेन्सेस फुल फ्रेम बॉडीवर बसतच नसत, त्यामुळे तिथे निवड आपोआप व्हायची. इथे ती आपल्याला करावी लागते.

माझ्याकडे १८-५० आहे. २८-७५ मित्राची. आम्ही अधूनमधून अदलाबदल करतो, त्यामुळे तीही माझ्या कॅमेऱ्यावर भरपूर चालली आहे. प्रयोगशाळेतली मोजमापं माझ्याकडे नाहीत, जे आहे ते वापरातलं.

आधी २८-७५चं श्रेय तिला देतो, कारण ते मोठं आहे. हळदीच्या कार्यक्रमात मंडपाच्या एका कडेला उभं राहून ७५ला नवरीचा चेहरा टिपावा, तर मागची दिव्यांची माळ आणि माणसं अशी विरघळतात की बघत राहावं. क्रॉपवर चौकट दीडपट आवळते, म्हणून ७५ म्हणजे फुल फ्रेमच्या ११२सारखी चौकट. चेहऱ्यासाठी याहून सुखाचं अंतर मला तरी माहीत नाही. १८-५० तिच्या ५०वर इथे मागे पडते. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच ठेवला तरी मागचं तितकं मऊ होत नाही. दोन्हींवर एफ/२.८च लिहिलेलं असलं तरी ७५ला भिंगाचं तोंड सुमारे २७ मिमी उघडतं आणि ५०ला १८ मिमी. ब्लरचा फरक येतो तो तिथून.

शिवाय फुल फ्रेमची लेन्स क्रॉपवर लावली की सेन्सर तिच्या मधल्या भागातूनच बघतो. कडा ज्या जागी कमजोर पडायच्या, ती जागा फ्रेमच्या बाहेर राहते. १८-५०ला १८वर कोपरे थोडे काळवंडतात आणि सरळ रेषा बाहेर फुगतात. जेपेगमध्ये कॅमेरा ते सरळ करून देतो, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) दुरुस्तीचं प्रोफाइल लावावं लागतं. पावसाचं म्हणाल तर २८-७५मध्ये ओलाव्यापासून बचाव जागोजागी केलेला आहे, १८-५०ला फक्त माउंटपाशी रबरी सील आहे. आषाढात घाटमाथ्यावर जाणाऱ्याने हे हलक्यात घेऊ नये. फोकसही २८-७५चा मला किंचित चपळ वाटतो.

एवढं सगळं असून माझं मत १८-५०कडे झुकलं, ते एका त्रासामुळे. आमच्या घरी गौरी-गणपती बसतात ती खोली शहरी फ्लॅटमध्ये असते तेवढीच. भिंतीला पाठ टेकवली की मखरापर्यंत जेमतेम ७ फूट उरतात. आता हिशेब बघा. क्रॉप बॉडीवर २८ लावली की ७ फुटांवर सुमारे ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच एवढंच मावतं. मखर येतं, आरतीचं ताट धरलेले काका येतात. पण उभ्या माणसाचे पाय तरी कापायचे नाहीतर डोकं तरी. कॅमेरा उभा धरला तर माणूस पूर्ण येतो, पण शेजारी खुर्चीत बसून टाळ्या वाजवणारी आजी गेली आणि झांजा घेऊन उभी पोरंही गेली. मागे सरकायचं म्हटलं तर भिंत आहे. त्याच जागेवरून १८ला ९ फूट रुंदी मिळते आणि ६ फूट उंची. आजी, पोरं, मखर, वरचं तोरण, सगळं एका फ्रेममध्ये.

यात २८-७५चा दोष काही नाही. ज्या सेन्सरसाठी ती केली आहे तिथे २८ म्हणजे २८च. आपल्या छोट्या सेन्सरवर तिची ४२ होते, आणि ४२पासून सुरू होणारी झूम घरात, जिन्यात, वाड्याच्या चौकात सतत अडते. वेरूळच्या कैलासाच्या बाजूच्या बोळात उभे राहा. समोर मंदिर, मागे कातळ. तिथे २८ने खांबाचा तुकडा मिळतो, १८ने खांब, त्याचा पाया आणि वरची नक्षी.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येतं, ‘वाईडसाठी वेगळी १०-१८ घे.’ घेता येते, लेन्सही छान आहे. पण १०-१८ आणि २८-७५ अशी जोडी केली की मधली १८ ते २८ ही पट्टीच गळते, आणि घरातले, प्रवासातले, जेवणाच्या पंगतीतले माझे बहुतेक फोटो नेमके त्याच पट्टीत असतात. आरती चालू असताना लेन्स बदलत बसणं माझ्याच्याने होत नाही.

वजनाचं थोडक्यात. १८-५० भरते २९० ग्रॅम, २८-७५ भरते ५४०. ए६४०० स्वतः बॅटरीसकट ४०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दुसऱ्या जोडीत बॉडीपेक्षा लेन्स जड. ग्रिप लहान, करंगळीला जागा नाही, तासाभराने मनगट बोलायला लागतं. राजगडाच्या बालेकिल्ल्याच्या चढणीवर दोन्ही हात लागतात. तिथे छोटी लेन्स असली तर कॅमेरा खांद्याला लटकत राहतो, मोठी असली तर बॅगेत जातो. बॅगेत गेलेला कॅमेरा वर पोचेपर्यंत बाहेर येत नाही.

आता सगळ्यात वजनदार मुद्दा, ‘पुढेमागे फुल फ्रेम घ्यायचीच आहे, मग लेन्स आत्ताच तशी घेऊन ठेवू.’ हा विचार चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. १८-५० फुल फ्रेम बॉडीवर बसते, पण कॅमेरा क्रॉप मोडमध्ये जातो, म्हणजे सेन्सरचा मधलाच भाग वापरतो, आणि २४ मेगापिक्सेलच्या बॉडीचे हातात १० उरतात. म्हणजे त्या दिवशी ती विकावी लागणार, हे धरून चाला. तरीही माझ्या ओळखीत ‘पुढेमागे’ म्हणणाऱ्यांची ती बॉडी अजून यायची आहे, आणि तोवर घरातले समारंभ ४२च्या चौकटीत बसवले जात आहेत. चांगल्या चालीच्या लेन्सला वापरलेल्या बाजारात गिऱ्हाईक मिळतं. आजची गणपतीची आरती मात्र आजच व्हायची असते.

फुल फ्रेम बॉडी ठरली असेल, पैसे बाजूला काढलेले असतील आणि खरेदी दिवाळीच्या आत होणार असेल, तर २८-७५ घ्या, मीही तीच घेईन. लग्नात मुख्यतः चेहरे टिपणाऱ्यालाही तीच शोभेल. चालता चालता व्हिडिओ करणाऱ्याने टॅमरॉनचीच क्रॉपसाठीची १७-७० एकदा बघावी. ए६४००मध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, या दोन्ही लेन्सेसमध्येही नाही, १७-७०मध्ये आहे. वजन मात्र ५२५ ग्रॅम.

बाकीच्यांना मी एक करून बघायला सांगेन. १६-५०ची किट लेन्स झूम करताना आकडा स्क्रीनवर दिसतो. तो २८वर आणा आणि एखादा आठवडा घरात, बाजारात, नातेवाइकांकडे जाल तिथे झूमला हात न लावता फोटो काढा. मग जुने फोल्डर उघडून किती फोटो २८च्या खालचे आहेत तेही पाहा. फार थोडे निघाले, तर २८-७५ तुमचीच आहे. माझ्या फोल्डरमध्ये निम्म्याहून जास्त निघाले.