महागड्या हत्यारांचा सहा वर्षांचा हिशेब

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझे हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, सिलिंडर आणि त्यांना दाबाने तेल पुरवणारे पॉवर पॅक दुरुस्त करण्याचे छोटे वर्कशॉप आहे. दर खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारे डिझेलने धुऊन सतरंजीवर पूजेला मांडतो आणि हळदकुंकू वाहण्याआधी मी प्रत्येक हत्यार हातात घेऊन पाहतो. कोणत्या पान्याचे तोंड फाकले, कोणत्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक झिजले, कोणत्या मुठीला भेग गेली, हे त्या दिवशी नीट कळते. सहा वर्षांपूर्वी मी निपेक्स या जर्मन कंपनीच्या एका पकडीला सुमारे सात हजार रुपये मोजले. तेवढ्या पैशांत टापरिया या देशी कंपनीच्या डबल पान्यांचा (दोन्ही टोकांना उघडे तोंड) आणि रिंग पान्यांचा (नटाला चारी बाजूंनी धरणारे कडे) असे दोन्ही संच घेऊन वर पैसे उरले असते, म्हणून वर्कशॉपमध्ये आणि घरीही मला त्याबद्दल बरेच ऐकून घ्यावे लागले. त्यानंतर मी आणखी काही महागडी हत्यारे घेतली. त्यांपैकी काहींनी पैसे वसूल करून दिले, तर काहींच्या बाबतीत साधे हत्यारही तितकेच चालले असते, अशा मतावर मी आलो आहे.

हत्याराची किंमत नेमकी कशासाठी द्यायची, हे समजण्यासाठी नटाकडे जवळून पाहावे लागते. षट्कोनी नटाला सहा सपाट बाजू आणि सहा कोपरे असतात. पान्याचे तोंड मापात असेल तर जोर सपाट बाजूवर पसरतो, पण तोंड थोडे जरी ढिले असले तरी पाना आधी किंचित फिरतो आणि मग फक्त कोपऱ्यावर टेकतो. सगळा जोर त्या बारीक रेषेवर आला की कोपरा मरतो. कोपरा एकदा गोल झाला की पुढचा चांगला पानाही त्यावर धरत नाही, आणि मग छिन्नी, ग्राइंडर किंवा गॅस कटरशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. म्हणून माझ्या मते जास्त पैसे द्यायचे असतील तर ते तोंडाच्या मापासाठी आणि तिथल्या पोलादाच्या कडकपणासाठी द्यावेत. मुठीचा रंग आणि चकचकीत पेटी यांच्यासाठी देऊ नयेत.

निपेक्स ही कंपनी 1882 पासून जर्मनीतील वुपरटाल येथे पकडी बनवते. मी घेतलेली 250 मिलिमीटरची पक्कड दिसायला, जबडा सरकवून माप बदलता येणाऱ्या वॉटर पंप पकडीसारखी असली तरी तिचे दोन्ही जबडे गुळगुळीत आहेत आणि उघडताना, मिटताना ते एकमेकांना समांतर राहतात. बटण दाबून जबडा हव्या मापावर सरकवायचा आणि मूठ आवळायची, की आतल्या तरफेमुळे हाताचा जोर सुमारे दहापट होऊन नटाच्या दोन्ही सपाट बाजूंवर बसतो, त्यामुळे फट उरतच नाही. हायड्रॉलिकच्या कामात 22, 27, 32 आणि 36 मिलिमीटरचे पाइप नट एकाच मशिनवर भेटतात, आणि फिटिंग धरायला एक व नट फिरवायला दुसरा असे दोन पाने एका वेळी लागतात. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आहेत आणि हंगाम संपल्यावर त्यांच्या ओव्हरहॉलिंगची कामे येतात, तेव्हा मळीने आणि तेलाने चिकट झालेल्या अरुंद जागेत पान्यांची आख्खी पिशवी ओढत नेण्यापेक्षा दोन पाने आणि ही एक पक्कड एवढ्यावर माझे बहुतेक काम भागते. दात नसल्यामुळे पितळी फिटिंगवर किंवा क्रोम केलेल्या नळावर ओरखडाही उठत नाही. सहा वर्षे जवळजवळ रोज वापरूनही तिच्या जबड्यांना खेळ, म्हणजे ढिलेपणा, आलेला नाही, हे मी गेल्या खंडेनवमीला जबडे मिटून उजेडासमोर धरून पाहिले आहे.

तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गंजून जाम झालेला मोठा बोल्ट पहिल्यांदा सोडवण्यासाठी ती नाही, त्यासाठी रिंग पानाच हवा. तिच्या मुठीवर पाइप चढवून लांबी वाढवण्याचा मोह कोणी करू नये. शिवाय ती एका दिशेनेच नीट धरते, हे नवशिक्याला दोन-चार वेळा दाखवून द्यावे लागते. तरीही माझ्या सगळ्या खरेदीत सर्वांत समाधान देणारी खरेदी हीच आहे, आणि ती उद्या हरवली तर मी त्याच दिवशी दुसरी घेईन.

साध्या पान्यांच्या बाबतीत मात्र माझे मत उलट आहे. सुरुवातीच्या काळात मी रस्त्याकडेच्या एका दुकानातून, अंगावर कंपनीचे नावही नसलेला, पान्यांचा स्वस्त संच घेतला होता. त्यातल्या 24 च्या पान्याचे तोंड एका मोटरचा पाया आवळताना फाकले, हात सुटून लोखंडी चौकटीवर आदळला आणि बोटांच्या सांध्यावर तीन टाके पडले. मदतीला असलेला मुलगा आधीपासून म्हणत होता, ‘‘मामा, नट बसंना की ह्यात,’’ आणि त्याचे मी ऐकायला हवे होते. तो संच मी भंगारात टाकला आणि टापरियाचा घेतला. 1969 पासून ही कंपनी आपल्याकडे हत्यारे बनवते आणि सुरुवातीला तिला स्वीडनमधील कंपनीचे तांत्रिक सहकार्य होते. त्या संचातला 17 चा पाना एम 10 च्या, म्हणजे 10 मिलिमीटर जाडीच्या बोल्टच्या, नटांवर आमच्याकडे सर्वांत जास्त वापरला जातो, तरी त्याचे तोंड आजही मापात आहे. पुढे हौसेने मी जर्मन बनावटीचे तीन कॉम्बिनेशन पाने (एका टोकाला उघडे तोंड, दुसऱ्याला रिंग) घेतले. ते हलके आहेत, कडा हाताला लागत नाहीत आणि अरुंद जागेत त्यांचे पातळ डोके सहज शिरते, पण पाचपट किमतीइतका फरक मला रोजच्या कामात जाणवला नाही. विनानावाच्या पान्यापासून चांगल्या देशी पान्यापर्यंतची पायरी फार मोठी आहे आणि ती प्रत्येकाने चढावीच. तिथून परदेशी पान्यापर्यंतची पायरी लहान असूनही खूप महाग आहे.

ॲलन की, म्हणजे डोक्यात षट्कोनी भोक असलेले सॉकेट बोल्ट फिरवायची वाकडी षट्कोनी सळई, हिच्याबद्दल मी सर्वांत आग्रहाने लिहितो, कारण इथे थोड्या पैशांची बचत सर्वांत महाग पडते. एम 8 च्या सॉकेट बोल्टला 6 मिलिमीटरची की लागते आणि एम 10 ला 8 ची. मऊ पोलादाची की आधी स्वतः पिळते, मग तिचे कोपरे गोल होतात आणि शेवटी ती बोल्टचे भोकही गोल करते. सिलिंडरच्या कडेला खोलवर बसलेला असा बोल्ट ड्रिल करून काढण्यात माझी पूर्ण दुपार गेली आहे, आणि त्या दुपारच्या मजुरीत चांगल्या ॲलन कीचा संच आला असता. अनब्राको कंपनीचा संच परदेशी स्क्रू ड्रायव्हरपेक्षाही स्वस्त मिळतो आणि मला तो पूर्ण पुरला आहे. त्याचे टोक झिजले की मी तीन-चार मिलिमीटर घासून टाकतो आणि आत पुन्हा धारदार षट्कोन मिळतो. मात्र ग्राइंडरवर घासताना दर दोन सेकंदांनी की पाण्यात बुडवावी लागते, कारण टोकाला निळा रंग चढला की त्याचे पाणी उतरले, म्हणजे कडकपणा गेला, असे समजावे आणि तेवढा भाग पुन्हा कापून टाकावा. असे घासणे पूर्ण कडक केलेल्या कीलाच परवडते, फक्त वरवर कडक केलेल्या कीचा आतला मऊ भाग उघडा पडतो.

स्क्रू ड्रायव्हरमध्ये मी वेरा या जर्मन कंपनीचे, फुलीच्या टोकाचे दोन घेतले. त्यांची मूठ तळहाताच्या आकाराची असल्यामुळे तेलकट हातानेही पकड सुटत नाही आणि टोक स्क्रूच्या फुलीत घट्ट बसते. फुलीच्या स्क्रूची मोठी अडचण अशी की जोर वाढला की टोक वर सरकून बाहेर येते आणि फुली कुरतडली जाते, म्हणून झिजलेले टोक ताबडतोब बदलणे गरजेचे असते. इलेक्ट्रिकल पॅनेलवर रोज काम असेल तर हा खर्च योग्य आहे. घरी वर्षातून चार वेळा बटण बदलणाऱ्याला त्याची गरज नाही.

विजेच्या कामासाठी मात्र किंमत हा मुद्दाच नसावा. शेतातल्या पंपाला 415 व्होल्टचा थ्री फेज पुरवठा असतो आणि आपल्याकडे अनेकजण साध्या पकडीवरचे प्लॅस्टिकचे आवरण पाहून निर्धास्त होतात. ते आवरण हाताला मऊ लागावे म्हणून असते. 1000 व्होल्टची खूण असलेले हत्यार प्रत्येकी 10,000 व्होल्टवर तपासलेले असते, आणि असे हत्यार देशी कंपन्यांचेही परवडणाऱ्या किमतीत मिळते.

हातोडी, छिन्नी आणि तारा कापण्याची साधी पक्कड यांवर मी जास्त पैसे घालत नाही. कानस मात्र चांगलीच घ्यावी आणि ती दुसऱ्या हत्यारांबरोबर पेटीत फेकू नये. आमच्याकडचा पाऊसही हिशेबात धरावा लागतो, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतच इतका ओलावा असतो की काळे फिनिश असलेल्या हत्यारांवर तेल न लावल्यास आठवड्यात तांबूस डाग दिसतात. खानापूरच्या बाजूला, अशा जास्त पावसाच्या भागात, काम करणाऱ्यांनी क्रोम केलेली हत्यारे घ्यावीत, असे मी सुचवेन. नामांकित हत्यारांच्या नकलाही बाजारात येतात. म्हणून अर्ध्या किमतीत देऊ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि अधिकृत विक्रेत्याकडून पक्के बिल घेऊनच खरेदी करावी.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलाने पहिल्या पगारातून कोणते हत्यार घेऊ, असे मला विचारले. मी त्याला आधी ॲलन कीचा संच, मग रिंग पान्यांचा, आणि त्यानंतर 1000 व्होल्टचा टेस्टर घ्यायला सांगितला. सात हजारांच्या पकडीची घाई त्याने करू नये, असे मला वाटते. तोवर माझीच पक्कड मी त्याला वापरायला दिली आहे, आणि संध्याकाळी ती पुसून, तेलाचा थेंब लावून जागेवर टांगायची एवढीच अट घातली आहे.