डिटर्जंटपुढे टिकलेले पटल की जिवंत पेशीतील निरीक्षण: लिपिड राफ्टच्या अभ्यासासाठी काय निवडावे?

लिपिड राफ्ट म्हणजे पेशीच्या पटलातील कोलेस्टेरॉल व विशिष्ट लिपिडांनी समृद्ध, घट्ट रचनेचे अतिशय लहान भाग. आपण अभ्यासत असलेले प्रथिन अशा राफ्टमध्ये असते का, हा प्रश्न पडला की दोन वाटा समोर येतात. पेशी थंड डिटर्जंटमध्ये विरघळवून न विरघळलेले पटल बाजूला काढायचे ही पहिली, आणि पेशी जिवंत ठेवून तिच्या पटलातील रेणू कुठे, किती वेळ व कोणाच्या शेजारी राहतात हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे ही दुसरी. दोन्हींतून हाती आलेल्या गोष्टीला ‘राफ्ट’ हेच नाव देण्याची सवय अजून गेलेली नाही, आणि पद्धत निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका या सवयीतून होतात.

पहिली वाट सोपी आहे, म्हणूनच ती लोकप्रिय झाली. बर्फावर ठेवलेल्या पेशींवर साधारण १ टक्का ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट घालतात, मिश्रणात सुक्रोजचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांपर्यंत आणतात, त्यावर ३० आणि ५ टक्क्यांचे थर हलक्या हाताने चढवतात आणि रात्रभर अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. सकाळी नळी उजेडासमोर धरली की वरच्या दोन थरांच्या सीमेवर दुधट पट्टा दिसतो. कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिड (पटलातील लिपिडांचा एक प्रकार) यांनी समृद्ध असलेले हे पटल हलके असल्यामुळे तरंगून वर येते, तर विरघळलेली प्रथिने तळाशी राहतात. १९९२ मध्ये डेबोरा ब्राउन आणि जॉन रोझ यांनी याच तत्त्वावर दाखवले की जीपीआय या लिपिडयुक्त नांगराने पटलाला जोडलेले प्रथिन नुकतेच तयार झालेले असताना डिटर्जंटमध्ये विरघळते, पण गॉल्जीपर्यंत (प्रथिने पुढे पाठवणाऱ्या पेशीतील भागापर्यंत) पोहोचल्यावर विरघळेनासे होते. पेशीतील प्रवासात प्रथिनाभोवतीची लिपिडे बदलतात, हे एवढ्या साध्या कसोटीने उघड झाले. १९९७ मध्ये काई सायमन्स आणि एलिना इकोनेन यांनी राफ्टची संकल्पना विस्ताराने मांडली, तेव्हा अशा निरीक्षणांचा तिला मोठा आधार होता.

पण त्या दुधट पट्ट्याचा अर्थ लावताना सावध राहावे लागते. पेशी ३७ अंशांवर जगते आणि आपण तिला ४ अंशांवर आणतो. थंडीमुळेच लिपिडे अधिक घट्ट व शिस्तबद्ध रचनेत जातात. शिवाय ट्रायटन हा काही तटस्थ साक्षीदार नाही. पटलाच्या प्रवाही भागात शिरणे त्याला अधिक सोयीचे असते, त्यामुळे जिथे आधी वेगळे भाग नव्हते तिथेही तो ते निर्माण करू शकतो, असे हाइको हेअरक्लोट्झ यांनी २००२ मध्ये कृत्रिम पटलांवर दाखवले. डिटर्जंट बदलला की पट्ट्यात सापडणाऱ्या प्रथिनांची यादीही बदलते: ट्रायटनमध्ये विरघळणारी काही प्रथिने ब्रिज किंवा ल्युब्रॉल या डिटर्जंटमध्ये टिकून राहतात. अशा वेळी कोणत्या डिटर्जंटची यादी खरी मानायची, याला उत्तर नाही, कारण प्रत्येक यादी त्या त्या डिटर्जंटची आहे. त्यातच पेशीत एकमेकांपासून दूर असलेले पटलाचे तुकडे या प्रक्रियेत एकत्र येतात, म्हणून त्या पट्ट्यात दोन प्रथिने सोबत सापडली तरी ती पेशीत शेजारी होती असे म्हणता येत नाही.

जिवंत पेशीतील मोजमापे या अडचणी टाळतात, पण त्यांना वेगळ्या प्रकारची मेहनत लागते. राफ्टचा आकार साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाच्या सुमारे २०० नॅनोमीटरच्या मर्यादेखाली असल्यामुळे नुसत्या छायाचित्रात काहीच दिसत नाही. १९९८ मध्ये रजत वर्मा आणि सत्यजित मेयर यांनी प्रतिदीप्त रेणूंमधील ऊर्जा-हस्तांतरण (जे अगदी जवळ असलेल्या रेणूंमध्येच होते) मोजून जीपीआय-प्रथिनांचे गट ७० नॅनोमीटरपेक्षा लहान असल्याचे दाखवले. २००४ मध्ये मेयर यांच्याच गटाने हे पुंजके जेमतेम चार रेणूंपर्यंतचे असल्याचे आणि बहुसंख्य रेणू एकेकटेच फिरत असल्याचे मांडले. २००९ मध्ये श्टेफान हेल यांच्या गटाने ही मर्यादा ओलांडणाऱ्या स्टेड सूक्ष्मदर्शकाने स्फिंगोलिपिडांचे रेणू २० नॅनोमीटरपेक्षा लहान जागेत केवळ १० ते २० मिलीसेकंद अडकतात हे मोजले. रात्रभर फिरवलेल्या नळीतील पट्टा आणि काही मिलीसेकंदांचा हा थांबा, या दोन्हींना एकच वस्तू मानणे मला तरी पटत नाही.

पेशीपासून सुटलेले पटलाचे मोठे फुगे वापरण्याचा मधला मार्गही आहे. थंड केल्यावर त्यांच्यात घट्ट आणि प्रवाही अशा दोन अवस्था सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात, आणि एखादे प्रथिन कोणत्या अवस्थेकडे झुकते ते डिटर्जंटशिवाय कळते. मात्र या फुग्यांना आतून ॲक्टिन या प्रथिनाचा सांगाडा नसतो, म्हणून त्यांना जिवंत पेशीचा पर्याय समजू नये.

तेव्हा निवड प्रश्नावरून करावी. उत्तेजनापूर्वी आणि उत्तेजनानंतर, किंवा एका अमिनो आम्लाच्या बदलाने, प्रथिनाचे पटलाशी असलेले नाते बदलते का एवढेच पाहायचे असेल, तर डिटर्जंटची पद्धत आजही उपयोगी आहे. तापमान, डिटर्जंटचे पेशीशी प्रमाण आणि वेळ तंतोतंत सारखी ठेवावी, आणि फ्लोटिलिन (राफ्टची खूण मानले जाणारे प्रथिन) वर व ट्रान्सफेरिनचा ग्राही (राफ्टबाहेरचे मानले जाणारे प्रथिन) तळाशी मिळतो ना हे दर वेळी तपासावे. दोन रेणू जिवंत पेशीत एकत्र येतात, असा दावा करायचा असेल तर मात्र ऊर्जा-हस्तांतरण किंवा एकेका रेणूचा मागोवा यांना पर्याय नाही. तशी साधने जवळ नसतील तर सहकार्य शोधावे, पण नळीतल्या पट्ट्यावर तो दावा उभा करू नये.

मिथिल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन या रसायनाने पटलातील कोलेस्टेरॉल काढून टाकण्याचा प्रयोग दोन्ही वाटांवर जोडीला घेतला जातो. त्याने ॲक्टिनचा सांगाडा आणि राफ्टबाहेरील प्रथिनांची हालचालही बदलते, म्हणून कोलेस्टेरॉल आधीच भरलेल्या सायक्लोडेक्स्ट्रिनचा तुलनेसाठीचा नियंत्रण-प्रयोग सोबत हवाच. आणि प्रबंधात निष्कर्ष लिहिताना, केवळ सुक्रोजच्या थरांवरून मिळालेल्या भागाला ‘राफ्ट’ न म्हणता ‘डिटर्जंट-रोधी अंश’ असेच म्हणावे.