कोल्हापूर–मुंबई: उजळाईवाडीचं विमान की महालक्ष्मी एक्स्प्रेस?

सरळ रेषेत मुंबई आपल्यापासून जेमतेम ३१० किलोमीटर. रेल्वेला मात्र तेच अंतर ५१८ किलोमीटर पडतं, कारण गाडी आधी पूर्वेला मिरजेकडे जाते, मग सातारा, पुणे करत घाट उतरते. म्हणून विमानाला तासाभराचा प्रवास, महालक्ष्मीला साधारण अकरा तासांचा.

पण विमानाचा तो तास फसवा आहे. उजळाईवाडीला तासभर तरी आधी पोहोचायचं, तपासणी, मुंबईत उतरल्यावर बॅगेची वाट, पुढं टॅक्सी आणि ट्रॅफिक. घर ते काम धरलं तर चार-पाच तास सहज जातात, तेही ऐन दिवसाचे. महालक्ष्मीचे तास झोपेत सरतात. रात्री जेवून बसायचं, सकाळी दादरला उतरायचं. परळच्या टाटा हॉस्पिटलला पेशंट घेऊन जाणाऱ्यांना मी हीच गाडी सांगेन: आडवं होता येतं, सोबत माणूस राहतो आणि दादरहून परळ हाकेच्या अंतरावर. वेटिंगचं तिकीट असेल तर मात्र पेशंटचे हाल करू नका.

अंधेरीत काम असेल किंवा पुढं परदेशाचं विमान गाठायचं असेल, तर विमानच घ्या.